उघडं पान

पडद्यावर ‘ओके’ आलं आणि कृतिकाच्या पायाखालची वाळू सरकली. यायला हवा होता नकार.

तिचा हा छोटासा प्रोग्राम चोराचं सोंग घ्यायचा. मशीन ज्या आज्ञांवर चालतं त्या आज्ञांच्या जागेत शिरून काहीतरी खरडून बघायचा, आणि मशीन त्याला हाकलून द्यायचं. गेले कित्येक दिवस ते इमानाने हाकलत होतं. आज मात्र त्याने चोराला आत घेतलं, बसवलं आणि वर ओकेही म्हटलं. तिने पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा ओके.

केबिन रोडवरच्या दुकानांच्या वर, वन-बीएचकेत सुभाष सरांची कंपनी होती. कंपनी म्हणजे सर, कृतिका आणि पतपेढ्यांना विकायचं, खात्यांचे हिशेब ठेवणारं हे एक मशीन. त्याच्या आतल्या गाभ्याचं, कर्नलचं, काम सरांनी कृतिकावर सोपवलं होतं. कर्नलच्या आज्ञा मेमरीत लहान लहान पानांवर विखरून ठेवण्यापेक्षा एकाच मोठ्या पानावर ठेवल्या तर मशीन पळतं. पण मोठ्या पानाला कुलूप एकच. एका ओळीच्या दुरुस्तीसाठी उघडलं तरी अख्खं पान उघडं पडतं. मग कुणीही यावं, आपली आज्ञा लिहून जावं, मशीन ती घरचीच समजून पाळणार. म्हणून तिने मोठं पान तोडून हवा तेवढाच तुकडा उघडायची, काम झालं की कुलूप लावून पुन्हा पान जोडायची सोय केली होती. डोक्याला ताप देणारं काम होतं ते. पार पडलं तेव्हा सर म्हणाले होते, “माझ्याच्यानं झालं नसतं.” त्या एका वाक्यावर ती कितीतरी दिवस हवेत होती.

“सर, पान उघडं आहे,” ती म्हणाली.

सर खुर्च्या सरळ करत होते. “माहितीये. मीच उघडलंय. तुझ्या त्या तोडाजोडीत मशीन अडखळतं. आज शिवदास काका येतायत, त्यांच्यासमोर अडखळलं तर?”

“मग ते गेले की कुलूप लावते.”

“बघू. आधी सही तर होऊ दे. मशीन उद्याच त्यांच्याकडे बसवायचंय.”

कंपनीच्या आधी सर कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचे. तिथे याच माणसाने तिच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं, की जिथे लिहिता येतं तिथून चालवायचं नाही आणि जिथून चालतं तिथे लिहू द्यायचं नाही. एकदा चुकली तेव्हा सगळ्यांसमोर उभं केलं होतं. ते आठवून तिला हसू आलं असतं, पण तोंड कडू झालं होतं.

तेवढ्यात शिवदास काका धापा टाकत जिना चढून आले. काशीगावच्या पतपेढीचे चेअरमन. कृतिकाच्या बाबांच्या बांधाला यांचा बांध. गावची मिठागरं विकली गेली, भाताची खाचरं गेली, त्यांचा जो काही पैसा आला तो गावाने यांच्या भरवशावर पतपेढीत ठेवलेला. कृतिकाच्या बाबांचाही त्यातच होता.

सरांनी मशीन पळवून दाखवलं. पळालं, झकास पळालं. काका मान डोलावत राहिले आणि शेवटी कृतिकाकडे वळले.

“मला यातलं काय बी कलत न्हाय, बाय. म्हून तर सुभाषला बोललो, तुज्याकडं आमच्या वलखीचं कोन हाय का? तवा त्यानं तुजं नाव सांगितलं. कुलपाचं काम तुमच्याच गावच्या पोरीकडं देतो, बोलला. त्या दिशीच मी हो बोललो.”

कृतिकाने सरांकडे पाहिलं. सर मशीनवरची नसलेली धूळ पुसत होते.

म्हणजे हे काम तिच्या डोक्याकडे बघून दिलंच नव्हतं. तिचं गाव बघून दिलं होतं. पान उघडलं त्याचं तिला वाईट वाटलं होतं, पण हे त्याहून फार खाली जाऊन लागलं. केसाने गळा कापला होता, आणि तिने मान आपण होऊन पुढे केली होती.

“सगळं तिनेच तपासलंय,” सर म्हणाले. क्लासमध्ये फळ्याशी बोलवायचे तोच लाडका आवाज. “सांग ना काकांना.”

काकांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. “तू बगलंस नं? मंग झालं.”

“काका, सहीच्या आधी एक करा,” कृतिका म्हणाली. तिने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. “हा चोर आहे असं समजा. हे बटण दाबलं की तो आत शिरायला बघेल. मशीनने त्याला नाही म्हटलं पाहिजे.”

“कृतिका, त्याची काही गरज नाहीये.”

काकांनी एका बोटाने बटण दाबलं. पडद्यावर ओके आलं.

“न्हाय बोललं का?”

“हो म्हणालं, काका. ते आज कुणालाही हो म्हणेल.”

खाली रस्त्यात पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत उभा होता. काकांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं आणि सरांकडे बघत बसले.

सर कृतिकाकडे बघत होते. रागाने नव्हे, नवल वाटल्यासारखे.

“तू मला याआधी कधी ‘नाही’ म्हणाली नव्हतीस,” ते म्हणाले.