भांडणाचा प्रवेश

हौसाबाईंचा नवरा कित्येक वर्षांपूर्वी होडी घेऊन मासेमारीला गेला, तो परत आलाच नाही. देवबागच्या नाट्यमंडळाने यंदा त्यावरच एकांकिका बसवायला घेतली. हौसाबाईंनी सांगितलं तसं सगळ्यांनी मिळून लिहिलं, पण तालमीत नाटक काही रंगेना. तेव्हा बायकोचं काम करणाऱ्या अक्षयाला सुचलं, की तो निघताना दोघांचं कडाक्याचं भांडण दाखवू. "जा, परत तोंड दाखवू नको," हे वाक्यही तिनेच घातलं. मंडळी खूश झाली. हौसाबाईंना एकदा विचारावं, हे मात्र कुणाच्याच मनात आलं नाही.

प्रयोगात त्याच वाक्याला टाळ्या पडल्या. पडदा पडल्यावर अक्षया उत्साहाने हौसाबाईंच्या पाया पडायला गेली. म्हातारीने तिचा हात घट्ट धरला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी मी ह्याच बोललेलंय. तुका कोणी सांगल्यान गो? मी तर आजपर्यंत कोणाक सांगूक नाय."

मागून मंडळी फोटोसाठी अक्षयाला हाका मारत होती. टाळ्या मिळाव्यात म्हणून आपण ते रचलं, हे सांगायला तिची जीभ रेटेना.