सोपा गडी

सलग नवव्यांदा हिंदुराव पैलवानांची पाठ लागली, तीही तळहाताएवढ्या पडद्यावर. लकव्याने आखडलेल्या बोटांना व्यायाम व्हावा म्हणून नातीने, रेवतीने, आपला कुस्तीचा व्हिडिओ गेम त्यांच्या हाती दिला होता. डाव डोक्यात लगेच सुचायचा. पण अंगठा बटणापर्यंत पोचेस्तोवर रंगीत चड्डीतला तो गडी त्यांना उचलून आपटायचा.

“मुडद्या, थांब की जरा!” ते पडद्यावर खेकसले.

रेवतीने गेम घेतला, काहीतरी बदललं आणि परत दिला. पुढच्या दोन कुस्त्या पैलवानांनी मारल्या. तिसरीला मात्र त्यांचा हात थांबला. समोरचा गडी मार खायची वाट बघत नुसता उभा होता.

“ह्याला काय झालं?”

रेवती चाचरली. “मीच सोपं केलं, आबा. तुम्ही फार चिडत होता.”

“म्हणजे नुरा? ठरवून पडणारा गडी दिलास मला?” पैलवानांचा आवाज चढला. “उभ्या जन्मात असली कुस्ती धरली नाही मी. होतं तसं कर.”

तिने गेम परत अवघड केला. अर्ध्या मिनिटात पैलवान चितपट झाले. भरले डोळे त्यांनी बाहीला पुसले, दुसऱ्या हाताने वाकडा अंगठा बटणावर ओढून बसवला आणि म्हणाले, “लाव परत.”