टोकाचा नळ

“आमची नऊ नंबरची चाळ यात कुठंय?” धुमाळकाकांनी माझ्या नकाशावर वाकून विचारलं. त्यांची जुनी वसाहत चार टप्प्यांत नव्यानं बांधली जाणार होती आणि एकाच प्लांटमधून घरोघरी गरम पाणी जाणार होतं. ते पाइप मीच आखले होते.

“शेवटच्या टप्प्यात, काका. सात वर्षं लागतील.”

“तोवर बंब आहेच,” ते हसले. रोज पाचला उठून ते बंब पेटवायचे. काकूंची आखडलेली बोटं गरम पाण्यात धरल्याशिवाय उघडायची नाहीत. त्यात सात वाजायचे, म्हणून चहाही काकाच करायचे.

रस्ता पुन्हा खणायला नको म्हणून मुख्य पाइप आत्ताच नऊ नंबरपर्यंत टाकून तिथं बंद करायचा होता. मी नकाशात त्या टोकाला एक नळ काढला.

“हा कशाला?” साहेबांनी विचारलं.

“टोकाचं पाणी साचून राहतं, सर. कुणीतरी रोज सकाळी सोडायला हवं. तिथले एक काका पूर्वी बॉयलरवर होते, ते सोडतील.”

यातलं काहीच खोटं नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि सही केली.

पहिल्या टप्प्याचं पाणी सुरू झाल्यावर एकदा सकाळी मी नऊ नंबरला गेले. बंबावर टॉवेल वाळत होता. टोकाच्या नळाची बादली भरून देऊन काका पुन्हा आडवे झाले होते. काकू दोन्ही हातांत कप धरून, जपून पावलं टाकत आल्या. मी हात पुढे केला.

“तुझा आणते गं,” त्या म्हणाल्या. “हा ह्यांचा. बारा वर्षांनी मी केलाय.”