पाठीवरचं दही

“आईला सांगू नकोस हं. सांगितलंस तर उद्या तोडणीला नेणार नाही ती तुला.”

रादकाचा आवाज. गुलाबाच्या मळ्यातून दंव सुकता सुकता घरी यायचं, आणि धाकट्या वेलिच्काच्या पाठीवर गांधी उठायच्या. मग थोरली बहीण दाराआड उभी राहून त्यांवर दही लावायची. गार, आंबूस, चार बोटांनी, वरून खाली.

त्याला आता जन्म लोटला. वेलिच्का प्लोवदिव शहरातल्या प्रयोगशाळेत पाठ उघडी टाकून बाकावर बसली होती. मागे तपासणारी नेवेना दिवा खाली ओढत होती.

पडद्यापलीकडून, तपासून घ्यायला आलेला मिंचो ओरडला, “नेवेना, माझा नंबर कधी गं? बायको म्हणते, इतकं टक लावून तर मीही तुझ्या पाठीकडे कधी पाहिलं नाही!”

“तिला म्हणावं, हौस मलाही नाही! पगार घेते म्हणून बघते,” नेवेना म्हणाली.

वेलिच्का हसली नाही.

कितीतरी आठवडे तिच्या डाव्या खांद्याखाली एकाच जागी पट्टी लागत होती. पट्टीत कसलासा सुवास, कातडीला सोसतो का ते बघायला. मग थोडे दिवस पाठीला मोकळं सोडलं, आणि आता दोन खांद्यांच्या मधोमध, कधी न शिवलेल्या जागी, तीच पट्टी पुन्हा लावली. कातडीला जुनी ओळख पटली तर ती नव्या जागीही पेटते. पट्टी परवा काढली. आज शेवटचं बघणं.

नेवेनाची बोटं त्या जागेवर टेकली. वेलिच्कानं डोळे मिटले. नवरा गेल्यापासून या बोटांखेरीज तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. लाल झालेल्या पाठीला इथे पुन्हा बोलावत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“किंचित गुलाबी. बाकी छान आहे,” नेवेना म्हणाली. मग बोटं थांबली. तिनं वाकून वास घेतला. “मावशी, दही लावलंत?”

“उन्हानं भाजलं होतं जरा.”

“आठवडाभर पाऊस कोसळतोय. ऊन कुठल्या गावाहून आणलंत?”

वेलिच्कानं मांडीवरचा सदरा सारखा केला.

“अहो, दह्यानं लाली उतरते. मग मी काय डोंबल बघू? हा सुवास तान्ह्या बाळांच्या मलमात जायचाय. तुमची पाठ नितळ दिसली, तर तो चांगला ठरणार. खरं सांगा, खाजत होतं?”

“नाही.”

नेवेनानं उसासा टाकला. कापूस ओला केला, पुसायला हात उचलला, आणि तसाच धरून ठेवला.

“घरी कोण असतं तुमच्या?”

“कोण असणार? मी आणि मांजर.”

“मग लावून कुणी दिलं?”

“कुणी नाही गं. माझा हात कुठला तिथवर पोचतोय! फडक्यावर पसरलं आणि त्यावर पडून राहिले.”

“पडून राहिलं की दही फिसकटतं, मावशी.” नेवेनाचा आवाज बारीक झाला. “हे फराटे आहेत. चार. बोटांचे, वरून खाली.”

पन्हळीतून पाणी गळत होतं. वेलिच्काच्या खांद्यांमध्ये गार गार काहीतरी उतरत गेलं, आणि बंद खोलीत गुलाबाच्या मळ्यावरची पहाट भरून आली.

रादकानं स्वतःचंही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. काखेतली गाठ तिनं दोन वर्षं, दोन तोडण्या दडवली. सांगितलं तर मळ्यात कोण जाऊ देणार? तिसऱ्या तोडणीला फुलं आली, ती तिच्या मातीवर वाहायला.

“पुसू का?” नेवेनानं विचारलं.

वेलिच्कानं हात मागे नेला. कमरेवरून वर, जमेल तितका वर. फराट्यांच्या खालीच तो थांबला.

“थांब जरा.”

तिनं मान वळवली नाही. मागे नेवेनाच उभी होती, तरी बोलली ती दुसऱ्याच कुणाशी.

“आता सांगते हं, रादके. रागावू नकोस.”

मग ती मोठ्यानं म्हणाली, “खाजतंय गं पोरी. पहिल्या पट्टीपासून खाजतंय.”