बारा नग

शाळेची रिक्षा कोपऱ्यावर वळताना दिसली आणि सुदाम सोसायटीच्या गेटातून जवळजवळ पळतच बाहेर आला. एवढ्यासाठी त्याने हाफ डे टाकला होता. जासईच्या कंटेनर यार्डातल्या साहेबाला "घरी अर्जंट काम आहे" असं सांगितलं होतं, आणि ते अजिबात खोटं नव्हतं. मुलीचा डबा उघडून बघायचा होता.

तेवढ्यात फोन वाजला. बेलापूरच्या ऑफिसातून बायको, प्राजक्ता.

"आली का? उघडलास का?"

"अगं, रिक्षा थांबू दे तरी!"

"मी फोनवरच आहे."

मनस्वी दुसरीत गेली तरी तिचं वजन सतरा किलोवर ठाण मांडून बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, "डबा पोटात जातोय ना, तेवढं बघा." डबा तर रोज रिकामा येत होता. मग कळलं, तो तिच्या वर्गातल्या आर्यनच्या पोटात जात होता. मनस्वी बाईसाहेब मधल्या सुट्टीत झाकण उघडून डबा सरळ त्याच्यापुढे सरकवायच्या. सोमवारी पोळीभाजी, मंगळवारी पोळीभाजी आणि बदल म्हणून बुधवारी भाजीपोळी. तिचं तरी काय चुकलं म्हणा.

म्हणून गेल्या आठवड्यापासून डबा सुदामने हातात घेतला. नाचणीची धिरडी केली, मटकीची भेळ केली, मुगाचे डोसे केले. आर्यनचे गाल वर आले. आज मात्र सुदाम ईर्ष्येला पेटला. इडलीचं पीठ तीन भांड्यांत घेतलं. एकात बीट, एकात पालक, एकात गाजर. थाळ्यांत वाफवून सुरीने लांबट तुकडे कापले, मधे पुदिन्याची चटणी भरली. चार लाल, चार हिरवे, चार केशरी, एकावर एक तीन मजले. यार्डात कंटेनर लावतात तसेच!

आणि वर चिठ्ठी. यार्डात सुदामचं कामच ते होतं. कंटेनर उघडला की माल मोजायचा आणि कागदावर लिहायचं, पाठवले किती, मिळाले किती, आणि शेवटी शेरा. पहिल्या रकान्यात त्याने लिहिलं, बारा नग. बाकीचे दोन मनस्वीसाठी मोकळे ठेवले.

"माल बरोबर असेल तर ओके लिहायचं," त्याने सकाळी वेणी घालता घालता समजावलं होतं. "मोडला असेल तर डॅमेज. कमी पडला तर शॉर्ट."

"शॉर्ट लिहिलं की काय होतं?"

"बाबाला शिव्या बसतात."

आणि ते खरंच होतं. बारा वर्षं या एका शब्दाने त्याचं रक्त आटवलं होतं.

रिक्षा थांबली. आधी आर्यनचंच डोकं बाहेर आलं.

"काका, कंटेनर एकदम भारी होते! लालवाले तर टॉप!"

सुदाम रिक्षापाशी वाकला. "तू खाल्लेस?"

"हो मग!" आर्यन म्हणाला, आणि त्याला घेऊन रिक्षा निघूनही गेली.

मनस्वी गाल फुगवून उभी होती. तिच्या दप्तराच्या चेनला यार्डातलं एक जुनं पिवळं सील लोंबत होतं. कंटेनरच्या दाराला ते लावलं की आतल्या मालाला कोणी हात लावू शकत नाही, हे कळल्यापासून तिने ते मिरवायला घेतलं होतं. सुदामने दप्तरातून डबा काढला. हाताला हलका लागला. उघडला. कोपऱ्यात बिटाचा एक डाग, बाकी काही नाही.

"बोल ना रे," फोनमधून आवाज आला.

"रिकामा आहे. आर्यनने खाल्ला."

"जाऊ दे," प्राजक्ता म्हणाली. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

झाकण लावताना त्याला आतल्या बाजूला चिकटलेली चिठ्ठी दिसली. मिळाले, १२. आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिल इतकी दाबलेली, की कागद फाटला होता. 'शॉट ४.'

"हे काय गं, मनू?"

"शॉर्ट!" मनस्वीचा बांध फुटला. "चार शॉर्ट! आर्यनने उचलले! न विचारता! लालवाले सगळे! मी ते शेवटी खायला ठेवले होते!" आणि तिने भर रस्त्यात भोकाड पसरलं.

दिवसाला हजार खोकी मोजणाऱ्या सुदामने बारातून चार वजा केले. मग खात्री करायला बोटांवर पुन्हा केले.

"प्राजू, आठ! आठ खाल्ले पोरीनं! आनी चार कमी पडले म्हनून रडते हाय! माल शॉर्ट हाय गो, शॉर्ट!" आनंद झाला की त्याच्या तोंडी गावची बोली यायची. तो रस्त्यातच नाचायला लागला. फोनमध्ये प्राजक्ता हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. वॉचमन काशिराम खुर्चीतून उठला. "सुदामभाऊ, चोरी झाली का? पोलिसांना फोन लावू?"

मनस्वीने बाहीला नाक पुसलं. एवढी मोठी तक्रार, आणि कोणी मनावरच घेत नव्हतं. तिने दप्तराच्या चेनचं पिवळं सील ओढून काढलं आणि बाबाच्या हातात ठेवलं.

"हसू नकोस. उद्यापासून डब्याला हे लावायचं."