चौथा विषय

"दस्तगीर, जरा हळू घे ना बाबा," कुंदाताई म्हणाल्या.

ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरच होता, पार तळाला टेकलेला. तरी घाटाच्या उतारावर बसचा वेग वाढत होता.

परिवहन मंडळाची सभा संपली, की सदस्यांनी मंडळाच्याच बसने घाट उतरायचा, ही जुनी प्रथा. आपणही लोकांच्याच बसमधून फिरतो, हे दिसलेलं बरं. आज कोणती बस आलीय, ते मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

विषय चौथा. जुन्या बसचे ब्रेक बदलणे.
खर्च पुढच्या वर्षावर ढकलावा. सूचक, कुंदाताई.
कुणाचा विरोध?
बाकं वाजली. मंजूर.

आता खिडक्या वाजत होत्या.

"अरे, हँडब्रेक ओढ की!" अध्यक्ष इनामदार ओरडले.

"ओढलाय, साहेब! गिअरही पडत नाही. सगळ्यांनी घट्ट धरा!"

समोर दरीकडचं वळण दिसू लागलं. दांडीवरचा कुंदाताईंचा हात सुटला आणि सभेत जातो तसा आपोआप वर गेला.

"माझा विरोध आहे!" त्या किंचाळल्या. "सचिव, लिहून घ्या! चौथ्या विषयाला माझा विरोध आहे!"

मागे सचिव पुढची सीट दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ताई," ते म्हणाले, "सभा संपलीय."