एक पेन ठेव

अमेरिकेतल्या आमच्या राज्यात लोकांनी निवडलेला गव्हर्नर कायद्यावर एका पेनाने सही करत नाही. एकेका अक्षराला वेगळं पेन, मग ती पेनं कायद्यासाठी झगडलेल्यांना वाटायची. नवरा कोळसाखाणीत गाडला गेल्यावर माझी नोलाताई खाणसुरक्षेच्या कायद्यासाठी चार वर्षं दारोदार फिरली. "टॅड, माझ्यासाठी एक पेन ठेव हं." तेव्हा गव्हर्नर मीच होतो; निवडणूक तोंडावर होती, खाणमालक पाठीशी होते, मी सहीच नाकारली. पुन्हा निवडूनही आलो. परवा पायउतार झालो आणि आज तिच्या दारात गेलो, खिशात तिच्यासाठी ठेवलेलं पेन. ती मक्याचा पाव कापत होती. तिने पेन कागदावर ओढून पाहिलं. "चांगलं उठतंय की! मग तेव्हा काय झालं होतं?" आमच्याकडे माजी गव्हर्नरलाही लोक मरेपर्यंत 'गव्हर्नर' म्हणतात. फक्त तीच मला टॅड म्हणायची. पेन माझ्या खिशाला लावत म्हणाली, "बसा, गव्हर्नरसाहेब."